पोराच्या तोंडावरची खपली

दोस्तांनो, या अंकासाठी माझ्याकडे कविता मागितली होती. कविता झाली नाही. तिच्या जागी हे छापा. हे माझ्या भाचीच्या नाकाखाली आलेल्या एका फोडाबद्दल आहे. फोड मुगाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा फोडावर काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. तिथंच चुकलो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पोरगी तीन वर्षांची. नाकाखाली लाल पुरळ आला. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी धरलं. मग तो फुटला आणि वर पिवळी खपली धरली, मध सांडून सुकावा तशी. चार दिवसांत हनुवटीवर तीन, कोपरावर दोन. शेजारची म्हातारी म्हणाली, कोळी मुतला असणार. आई म्हणाली, अंगातली उष्णता बाहेर पडतीय, पडू दे. कोण म्हणालं देवी आहे, औषध करू नका, उशाला कडुनिंब ठेवा. ताई माझ्याकडं बघून म्हणाली, "अरे, तू दहावी शिकलायस ना? मग बघ की काय ते."

मी गोदीतनं पाळी करून आलेलो. दिवसभर गोणी उचलून खांदा सोललेला. दवाखान्याच्या रांगेत बसायचं म्हंजे दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडणार. हजेरी बुडाली की पैसा बुडाला, कंत्राटी माणसाला रजा नसते. म्हणून मेडिकलवाल्याकडं गेलो. म्हटलं, पोरीला फोड आलेत, द्या कायतरी. त्यानं पोरीला न बघता ट्यूब दिली. मी ट्यूबवरचं न वाचता पैसे दिले. मला वाचता येतं, तरी वाचलं नाही.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. दोन दिवस लाली उतरली, घरात सगळे खूष. ताई म्हणाली, माझ्या भावाला कळतं सगळं. आठव्या दिवशी फोड मांडीवर पोचले आणि तिच्या थोरल्या भावाच्या कानामागंही निघाले. बालवाडीच्या बाईंनी पोरीला घरी पाठवलं. पाठवलं ते बरोबरच केलं, रोग लागतो. पण पाठवताना त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्या वस्तीतली पोरं आंघोळच करत नाहीत."

शेवटी हजेरी बुडवून दवाखान्यात गेलो. औषध मिळालं, फोड बसले. पण सुरुवात झाल्यापासनं तीनेक आठवड्यांनी एका सकाळी पोरगी उठली ती डोळे सुजलेले, तोंड फुगलेलं. लघवी कोऱ्या चहासारखी. मोठ्या इस्पितळात नेली. किडनीला सूज, रक्तदाब वाढलेला. दहा दिवस ताई तिथल्या फरशीवर झोपली. पोरगी सुधारली, घरी आली, आता धावतेय. डॉक्टरबाईंना मी विचारलं, माझ्या ट्यूबनं हे झालं का? त्या म्हणाल्या, किडनीचं तसं म्हणता येणार नाही. वेळेवर औषध केलं असतं तरी हे टळलंच असतं अशी खात्री नाही. पण फोड लवकर बसले असते, एवढे पसरले नसते, आणि भावाला बहुतेक लागण झाली नसती. त्यांनी मला दोषी ठरवलं नाही. मी स्वतःला किती ठरवायचं ते माझं मी बघतो. तुम्हाला सांगतोय ते यासाठी, की तुम्हीपण असेच मामा आहात, काका आहात, थोरले भाऊ आहात, आणि घरात शिकलेले म्हणून ट्यूब आणायला तुम्हालाच पाठवतात.

आता या रोगाचं नाव नीट ऐकून घ्या. इम्पेटिगो. आपल्याकडं पुवाचे फोड म्हणतात, चिघळणं म्हणतात, खरजेवर आला तर ओली खरूज म्हणतात. कोळी मुतत नाही, देवी येत नाही, उष्णता बाहेर पडत नाही. दोन जंतू आहेत. एकाचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तो सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. दुसरा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, तो माळेसारखा. स्टॅफिलोकॉकस तर धडधाकट माणसाच्या नाकातही राहतो, काही करत नाही. कातडी शाबूत असली की बहुतेक वेळा तो बाहेरच राहतो. कातडीला भोक पडलं की आत शिरतो. डास चावला, पोरानं खाजवलं, गुडघा फुटला, खरूज झाली, डोक्यात उवा झाल्या, शेंबडानं नाकाखालची कातडी सोलली, की झाली वाट मोकळी. दोन ते पाच वर्षांच्या पोरांना सगळ्यात जास्त होतो, कारण ती एकमेकांच्या अंगावर लोळतात आणि खाजवायचं थांबवता येत नाही. फोडाच्या पाण्यात जंतू असतात. ते नखात जातात, टॉवेलात जातात, गोधडीत जातात. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं एका गोधडीत झोपत असतील तर जंतूला चालायलासुद्धा लागत नाही.

म्हणून बाईंच्या त्या वाक्याबद्दल मला बोलायचंय. आंघोळच करत नाहीत. हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतोय. आधी पाणवठा बंद करायचा आणि मग म्हणायचं हे घाणेरडे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की पाणी कुणाला किती मिळतं हा तहानेएवढाच माणूसपणाचा प्रश्न आहे. आज नाव बदललंय. आज म्हणतात अनधिकृत. आमच्याच गोदीच्या पट्ट्यातल्या कौला बंदरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. महापालिकेचा दर तेव्हा हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरची माणसं त्याच पाण्याला ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. काही हंगामात ९५ टक्के घरांना माणशी ५० लिटरसुद्धा पाणी मिळत नव्हतं, आणि ५० लिटर हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं किमान आहे. आता सांगा, जी बाई पाणी कॅनवर विकत घेते ती पोराला दोनदा आंघोळ घालील की डाळ शिजवील? डाळच शिजवील. मी असतो तरी डाळच शिजवली असती.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ साली महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आलं. कागद चांगले आहेत. कागद पाठ करा, अर्ज करताना तोंडावर फेकता येतात. पण कागदानं पोराचं तोंड धुता येत नाही.

आणि हा काही फक्त आपला रोग नाही. २०१५ सालच्या एका अंदाजाप्रमाणे जगात कुठल्याही एका दिवशी सोळा कोटींहून जास्त पोरांना इम्पेटिगो असतो, आणि त्यातली बहुतेक गरिबांची. नकाशा बघा, रोग कुठं राहतो ते. कराचीच्या झोपडपट्ट्यांत २००२-०३ मध्ये एक साधं काम केलं. काही वस्त्यांतल्या घरांना साबण फुकट दिला आणि हात धुवायला शिकवलं, काही वस्त्या तशाच ठेवल्या. साबणवाल्या घरांत १५ वर्षांखालच्या पोरांचा इम्पेटिगो ३४ टक्क्यांनी कमी झाला, जुलाब ५३ टक्क्यांनी. आणि गंमत बघा, महागडा जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांत फरक पडला नाही. जाहिरातवाला टीव्हीवरनं जे भय विकतो ते साध्या वडीत निघून जातं.

फिजी बेटांवर बघितलं की फोडांच्या मुळाशी खरूज आहे. मग काही बेटांवर नुसत्या आजारी पोराला नाही, सगळ्या गावाला आयव्हरमेक्टिनची गोळी दिली, आणि ज्या लहानग्यांना ती चालत नाही त्यांना पर्मेथ्रिनचं मलम. २०१५ साली निकाल छापला. वर्षभरात तिथली खरूज ३२ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत आली, आणि इम्पेटिगो २५ वरून आठ टक्क्यांवर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, ज्यांची जमीन गोऱ्यांनी हिसकावली त्या आदिवासींच्या पोरांना या फोडांवर पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन टोचत. तिथं ५०८ पोरांवर तपासून २०१४ साली दाखवून दिलं की को-ट्रायमोक्सॅझोल तीन ते पाच दिवस तोंडानं दिलं तरी तेवढाच गुण येतो. म्हंजे काय? औषध आहे. स्वस्त आहे. कष्टानं शोधलेलं आहे. पोचत नाही एवढंच.

पोचवायचं कुणी? इथं मला आपल्याच माणसांशी भांडायचंय.

हे सगळं मी आपल्या एका कवीमित्राला सांगितलं. तो म्हणाला, "हे समाजसेवकांचं काम. आपण मलमपट्ट्या वाटायला निघालो तर व्यवस्था कोण उलथणार? आणि स्वच्छतेच्या गोष्टी म्हंजे शेवटी वरच्यांनी आपल्याला हिणवायलाच काढलेल्या." त्याचं दुसरं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून मी दोन रात्री त्यावर विचार केला. स्वच्छतेच्या नावानं आपल्याला हिणवलं, हे खरं. पण म्हणून साबण त्यांचा होत नाही. जंतू जात बघत नाही, तो कातडीतलं भोक बघतो. भोकं आपल्या पोरांच्या कातडीला जास्त, पाणी कमी, खोली लहान, दवाखान्याची रांग लांब. ही व्यवस्थाच आहे. व्यवस्था म्हंजे काही मंत्रालयातली फाइल नुसती नाही, व्यवस्था माझ्या भाचीच्या नाकाखाली मुगाएवढी होऊन बसली होती.

आपल्या कवितांत जखमा किती असतात बघा. दर पानावर जखम. जखम पेटते, जखम बोलते, जखमेचा सूर्य होतो. मीच लिहिल्यात. पण खरी जखम समोर आली तेव्हा ती धुवायची कशी हे मला माहीत नव्हतं. च्यायला, लाज वाटली मला. म्हणून मी विचारलं, दवाखान्यात बसून डॉक्टरबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं, आणि इथं लिहितोय. कविता पुढच्या अंकात.

आधी धुणं. आपले हात साबणानं धुवायचे, मग स्वच्छ कोमट पाण्यात फडकं भिजवून खपलीवर ठेवायचं. ती मऊ पडली की अलगद पुसायची. ओरबाडायची नाही. फडकं परत वापरायचं तर उकळून. हळद, चुना, तंबाखूची राख, गेरू, यातलं काही उघड्या फोडावर थापायचं नाही. आई रागावली तर रागावू दे. कडुनिंब उशाला ठेवला तर बिघडत नाही, पण तो औषध नाही, हे तिला गोडीत सांगायचं.

मग औषध. दोन-चार फोड असतील आणि पोरगं खेळतंय-खातंय, तर डॉक्टर बहुतेक मलम देतात, म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक अ‍ॅसिड. सांगतील तसं दिवसातनं दोन किंवा तीन वेळा, साधारण पाच दिवस. फोड पुष्कळ असतील, मोठे पाण्याचे असतील, ताप असेल, किंवा घरात दोन-तीन पोरांना असेल तर तोंडानं औषध लागतं, सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट अशातलं, बहुतेक सात दिवस. ते पोराच्या वजनावर मोजून देतात, म्हणून शेजारच्या पोराची बाटली आपल्या पोराला चालत नाही. तिसऱ्या दिवशी फोड सुकले म्हणून बाटली बंद करायची नाही. उरलेली ट्यूब दुसऱ्याला द्यायची नाही. अर्ध्यावर सोडलेल्या आणि नको तिथं वापरलेल्या औषधानं जंतू शिकून घेतात, आणि मग तेच औषध आपल्यावर हसतं. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत जायचं.

मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब वाचायची. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही नाव दिसलं की ते स्टिरॉइड. ती लाली दाबतात आणि कातडीची लढायची ताकदही दाबतात. आत जंतू मजेत वाढतो. अशी कितीतरी मलमं २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत घातली आहेत. तरी ती काउंटरवरनं मिळतात. वस्तीतल्या मेडिकलवाल्याशी भांडायला जाऊ नका, चार जण जाऊन शांतपणे सांगा की आमच्या पोरांना ही देऊ नका. चार जण गेले की शांत बोलणं पण ऐकू येतं.

घरात काय करायचं? पोराची नखं कापायची. त्याचा टॉवेल वेगळा, जमलं तर अंथरूण वेगळं. कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. फोड झाकता येत असतील तर पातळ फडक्यानं झाकायचे. बालवाडीत पाठवायचं ते औषध सुरू होऊन ४८ तास झाल्यावर, किंवा फोड पूर्ण सुकल्यावर. आणि सगळ्या अंगावर बघायचं: बोटांच्या बेचक्यात पुरळ, रात्री खाज, घरात आणखी कुणी खाजवतंय? म्हंजे खरूज आहे. मग एकट्या पोराचं औषध करून भागत नाही, डॉक्टर सांगतील तसं घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं. नाहीतर फोड बरे होतील आणि महिन्याभरात परत येतील. पाच माणसांच्या घरात दोघांनी मलम लावलं आणि तिघं "मला कुठं काय झालंय" म्हणाले, हे आमच्या चाळीत मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि या गोष्टी दिसल्या तर हजेरीबिजेरी काही बघायची नाही, उचलून इस्पितळात न्यायचं: पोरगं अगदी तान्हं आहे, ताप चढलाय, फोडाभोवती लाली आणि सूज पसरत चाललीय, कातडी भाजल्यासारखी सोलून निघतेय, पोरगं मलूल पडलंय. फोड बरे झाल्यावरही महिना-दीड महिना लक्ष ठेवायचं. तोंड सुजलं, लघवी कमी झाली, लघवी चहाच्या रंगाची झाली, की त्याच दिवशी इस्पितळ. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या सकाळी मी पोरीला "जास्त झोपली असेल" म्हणून पाळीला गेलो नसतो. संध्याकाळी परत आलो तेव्हा नेली. पूर्ण एक दिवस गेला.

आता काम सांगतो. आमच्या गल्लीत आम्ही पाच जणांनी एक वही केलीय. पावसाळा लागला की घरोघर बघायचं, कुणाच्या पोराला फोड आहेत ते लिहायचं. ज्याची पाळी नसेल त्यानं त्या आईबरोबर दवाखान्यात जायचं, रांगेत उभं राहायचं, चिठ्ठी वाचून सांगायची. एखाद्या बापाची हजेरी बुडणार असेल तर पाच जणांच्या वर्गणीच्या डब्यातनं त्याला थोडं द्यायचं. आणि त्याच वहीत मागच्या पानांवर नळाची वेळ लिहायची, किती वाजता आला, किती वाजता गेला, किती घरांना पुरला. पुढच्या पानांवर फोड, मागच्या पानांवर पाणी. ही वही घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसात जाणार आहोत. ज्या महिन्यात नळ गेला त्या महिन्यात फोड वाढले का, हे आमच्या अक्षरात त्यांना दाखवणार आहोत. नाही वाढले तर तेही दाखवू, खोटं लिहायचं नाही हे आधीच ठरलंय.

मित्राला एवढंच सांगतो: मलम लावून पोराला परत त्याच एका हंड्यात पाठवलं तर ते अर्धं काम, मान्य. पण हंड्यासाठी लढतोय म्हणून पोराला मलमच लावलं नाही तर ते अर्धंसुद्धा नाही. तुझा मोर्चा निघेल त्या दिवशी माझी भाची खांद्यावर असेल. तिचं तोंड धुतलेलं असेल. आणि पाणी कुठनं आणलं, ते मी त्यांना विचारीन.